जुना सिनेमा, मोठा पडदा



शुक्रवार आला की धुळ्या-जळगावात नव्या सिनेमाची चर्चा सुरू होते.
जुना सिनेमा मात्र घरी, जेवता जेवता, टीव्हीवर.

पण जुना सिनेमाही थिएटरसाठीच काढलेला असतो.

‘मंथन’चंच बघा.
1976 चा, श्याम बेनेगल यांचा सिनेमा.
पैसा गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांचा. प्रत्येकी फक्त 2 रुपये!
आणि पडद्यावर स्मिता पाटील.
धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची लेक.

पुढे मूळ निगेटिव्ह खराब झाली.
रंग उडाले.
फिल्म हेरिटेज फाउंडेशननं ती दुरुस्त करून घेतली.
आवाज एका जुन्या प्रिंटवरून उचलला.
मे 2024 मध्ये सिनेमा कान महोत्सवात दाखवला गेला.
जूनमध्ये तो देशातल्या अनेक थिएटरांत लागला.

नवा सिनेमा जरूर बघावा.
पहिल्या दिवशीच्या शिट्ट्या घरी कुठून येणार?
पण स्मिताच्या डोळ्यांतला राग मोबाईलवर कितीसा दिसतो?

पुन्हा सांगायचं, तर जुना सिनेमाही थिएटरसाठीच असतो.
2018 चा ‘तुंबाड’ 2024 मध्ये परत लागला.
त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला!

असे खेळ बहुधा थोडेच दिवस चालतात.
तेव्हा थिएटरवर वेळ आधी विचारून घ्या.