बंदरात शिरलेला शिंपला

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन नावाचं शहर आहे. मार्च १९९९मध्ये तिथल्या कलन बे या नौकातळात पाणबुडे पाहणीसाठी उतरले. धक्क्याचे खांब, दोरखंड, नौकांची बुडं, सगळीकडे इंचभर लांबीच्या शिंपल्यांचे घोस लगडले होते. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत यातला एकही सापडला नव्हता. काळपट पट्ट्यांच्या या शिंपल्याचं शास्त्रीय नाव मायटिलॉप्सिस सॅलेई. मूळचा तो कॅरिबियन भागातला. महिन्याभरात वयात येतो, आणि एकेक मादी हजारो अंडी पाण्यात सोडते.

डार्विनच्या प्रशासनाने वेळ दवडला नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असल्याने नौकातळांना दरवाजे बसवलेले आहेत. ते बंद करून आतल्या पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतण्यात आलं. आधीच बाहेर पडलेल्या नौकांचा माग काढून त्यांचीही तपासणी झाली. काही आठवड्यांत शिंपला नाहीसा झाला. खर्च आला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त, आणि त्या बंदिस्त पाण्यातले इतर जीवही शिंपल्यासोबत मेले. एवढी जबर किंमत देऊनही हे यश दुर्मीळ मानलं जातं. समुद्रात पसरलेला परका जीव मुळासकट काढता आल्याची उदाहरणं जगात हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच आहेत.

हाच शिंपला भारतात डार्विनच्या कितीतरी आधी पोचला. १९६७मध्ये तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, सत्तरच्या दशकात मुंबईच्या गोद्यांमध्येही. मुंबईचं बंदर खुलं आहे. अख्ख्या बंदराला दरवाजा लावून औषध ओतण्याची सोय इथे नाही. शिवाय या शिंपल्याला गढूळ, कमी प्राणवायूचं, कमी-जास्त खारट पाणी चालतं. सांडपाण्याने खाडीतला प्राणवायू घटला की आधी इथले नाजूक जीव मरतात, आणि मोकळी झालेली जागा असला चिवट पाहुणा बळकावतो. म्हणून प्रदूषण आणि परके जीव हे दोन वेगळे प्रश्न समजणं चूक आहे.

काळ्या समुद्राने याची फार कडू चव घेतली. डॅन्यूबसारख्या नद्यांनी शेतातली खतं आणि शहरांची घाण आणून ओतली होती, मासेमारीही बेसुमार चालू होती. अशात १९८२च्या सुमारास अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याकडचा, जेलीसारखा दिसणारा नेमिओप्सिस नावाचा जीव तिथे आला. त्याने माशांची अंडी, पिल्लं आणि त्यांचं खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी फस्त केले. दशक संपताना अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी कोसळली. हा जीव जहाजातून आला, असं मानलं जातं. माल उतरवलेलं जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत त्या बंदराचं पाणी भरतात. पुढच्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतात. त्यासोबत तिकडची अंडी, अळ्या, शेवाळ इकडे येतात. याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४मध्ये झाला, पण तो लागू व्हायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडलं. इतका उशीर परवडणारा नव्हता. आता त्या करारानुसार जहाजांना या पाण्यातल्या जिवंत जिवांची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली आणूनच ते सोडावं लागतं.

पण जहाजांचे नियम पाळले म्हणजे काम संपलं, असं नाही. मार्च २०११च्या त्सुनामीने जपानचा किनारा धुऊन नेला. पुढच्या वर्षी तिथला एक अख्खा तरंगता धक्का अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्याला लागला, अंगावर जिवंत जपानी जीव घेऊन. २०१७पर्यंत अशा कचऱ्यावर २८९ जातींची नोंद झाली. लाकूड समुद्रात कुजतं, किडे ते पोखरतात. प्लॅस्टिक, थर्माकोल आणि फायबर मात्र वर्षानुवर्षं तरंगतात. खाडीत टाकलेला थर्माकोलचा जुना बोया अनोळखी जिवांना प्रवासाचं वाहन पुरवतो. तुटलेलं, तरंगतं जाळं तेही करतं, वर कासवाच्या गळ्याला फास लावतं.

इथे कोळीवाड्यांतल्या बोटमालकांच्या हातात बरंच काही आहे. पावसाळी मासेमारीबंदीत बोटी वर ओढल्या की बुडाचं शेवाळ आणि शिंपले खरवडले जातात. ही खरवड आणि रंगाचे पोपडे भरतीच्या रेषेच्या वर गोळा करावेत, खाडीत लोटू नयेत. त्यात जिवंत शिंपले असतात आणि रंगातलं विषही. दुसऱ्या बंदरातून विकत घेतलेली बोट किंवा जाळी आपल्या पाण्यात उतरवण्याआधी स्वच्छ करून कडकडीत उन्हात वाळवावी.

घरी काचपेटीत मासे पाळणाऱ्यांनीही काळजी घ्यायला हवी. नकोसा झालेला मासा खाडीत सोडणं दयेचं वाटतं, पण ती दया घातक ठरते. आपल्या हिंदी महासागरात सुखाने नांदणारा लायनफिश १९८५पासून फ्लोरिडाच्या समुद्रात दिसू लागला, तो पाळीव माशांच्या व्यापारातूनच गेला असावा. आज कॅरिबियन प्रवाळांवरचे लहान मासे तो खात सुटला आहे. नकोसा मासा दुकानदाराला परत द्यावा, आणि पेटीतलं पाणी, वनस्पती ओढ्यात किंवा खाडीत ओतू नयेत.

धक्क्यावर किंवा खडकांत कधीही न पाहिलेला शिंपला, खेकडा किंवा शेवाळ झुपक्याने दिसलं, तर त्याचा जवळून फोटो काढावा, शेजारी मापासाठी एखादं नाणं ठेवावं, जागा आणि तारीख लिहून घ्यावी आणि जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावं. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मुंबई बंदरातल्या जिवांची पद्धतशीर पाहणी केलेली आहे. नवा जीव खरंच नवा आहे का, हे अशा नोंदींशी ताडून ठरवता येतं. ओळख पटेपर्यंत तो उपटून दुसरीकडे फेकू नये.