पेट्या टांगण्याआधी



वटवाघळांच्या संवर्धनावरची ही परिषद ज्या नवी मुंबईत भरते आहे, ती फ्लेमिंगोंचे शहर म्हणून मिरवते. खाडीत गुलाबी थवे उतरले की मोबाइल उंचावतात. दिवेलागणीला झाडांतून बाहेर पडणाऱ्या वटवाघळांचा फोटो मात्र कुणी काढत नाही. सोसायटीच्या सभेत त्यांचा विषय निघतो तो गाड्यांच्या टपावर पडलेल्या देशी बदामाच्या बियांमुळे, आणि ठराव होतो तो फांद्या छाटण्याचा.

कायद्याचीही नजर फार वेगळी नव्हती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली आणि १ एप्रिल २०२३पासून नवी व्यवस्था लागू झाली. कागदावरचा डाग पुसायला पन्नास वर्षे लागली. आता प्रश्न उरतो तो प्रत्यक्षात काय केले की वटवाघळे वाचतात, हा.

केंब्रिज विद्यापीठातले विल्यम सदरलँड आणि त्यांचे सहकारी संवर्धनाच्या एकेका उपायाचा पुरावा गोळा करतात. २०१४ साली त्यांच्या प्रकल्पातून वटवाघळांवरचा ग्रंथ निघाला. त्यात अनेक उपायांपुढे एकच शेरा आहे: अभ्यास सापडला नाही. जे अभ्यास आहेत, तेही बहुतांश युरोप-अमेरिकेतले. म्हणजे आपल्याकडे जे उत्साहाने केले जाते, त्यातले बरेचसे श्रद्धेवर चालले आहे.

श्रद्धा कशी फसते, याचे उदाहरण उत्तर इंग्लंडमधल्या रस्त्यांवर सापडते. वटवाघळांनी वाहनांच्या वरून उडावे म्हणून तिथे रस्त्यावर तारांचे पूल ताणले होते. या ग्रंथाच्या लेखकांपैकीच अ‍ॅना बर्थिनुसेन आणि जॉन ऑल्ट्रिंगहॅम यांनी तिथे रात्री जागून मोजणी केली. वटवाघळे तारांकडे ढुंकूनही न बघता आपल्या जुन्याच वाटेने, गाड्यांच्या उंचीवरून जात होती. त्या जुन्या वाटेवरच असलेला भुयारी मार्ग मात्र त्यांनी वापरला. पामबीच मार्गापासून अटल सेतूपर्यंत रस्ते बांधत सुटलेल्या या शहराने हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवावा.

उलट, पवनचक्क्यांमुळे होणाऱ्या वटवाघळांच्या मृत्यूंवरचा उपाय साधा आणि पुराव्यानिशी सिद्ध झालेला आहे. मंद वाऱ्यात पाती फिरू द्यायची नाहीत, एवढेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगात वटवाघळांचे मृत्यू रात्रीमागे ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षभराच्या विजेत तूट आली ती फार तर एक टक्क्याची. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर हे करून बघायला काय हरकत आहे?

आता वटवाघळांच्या निवाऱ्यासाठी टांगल्या जाणाऱ्या लाकडी पेट्यांविषयी. झाडाला पेटी टांगली की फोटो छान येतो. पण पेटीत शिरते ते फटीत राहणारे किडेखाऊ वटवाघूळ. वड-पिंपळाच्या उघड्या फांदीला लटकणारे आपले मोठे फळवटवाघूळ पेटीत कधीच जाणार नाही. त्याची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे एक वसाहत उठली की भर निघायला वर्षे लागतात. म्हणून जपायची ती जुनी झाडे. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूदही आहे. पण वसाहतीला रोपे काय कामाची?

गुहांची गोष्ट आणखी नाजूक. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत सापडलेल्या एका वटवाघळाला १९१३ साली ऑल्डफील्ड थॉमस यांनी रॉटन या वनाधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे ऐंशीहून अधिक वर्षे या जातीचा दुसरा ठिकाणा जगात कुणाला ठाऊक नव्हता. या जातीला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे कवच मिळाले, २०११ साली भोवतालचे रान भीमगड अभयारण्य झाले. मग कुणाच्याही मनात येईल की गुहेच्या तोंडाला लोखंडी दार बसवावे. अमेरिकेत करड्या वटवाघळांना अशा दारांनी आधार मिळालाही. पण तिथलीच मेक्सिकन मोकळ्या शेपटीची वटवाघळे गजांची दारे सहन करत नाहीत, आणि बारापेडेचे वटवाघूळ त्यांच्याच कुळातले! टेक्सासच्या ब्रॅकन गुहेत लाखो वटवाघळे टिकली, ती भोवतालची जमीन विकत घेऊन माणसांना लांब ठेवल्यामुळे. बारापेडेलाही दारापेक्षा पहारा बरा.

बागायतदारांची तक्रार खोटी नाही. घोलवडचा चिकू माणसाला गोड लागतो तसा वटवाघळालाही. पण मारून ती तक्रार मिटत नाही, हे मॉरिशसने दाखवून दिले. २०१५पासून तिथे सरकारनेच फळवटवाघळांची हजारोंनी कत्तल केली. फळांचे उत्पन्न वाढले नाही, आणि २०१८ साली ती जात मात्र संकटग्रस्त ठरली. झाडावर नीट ताणलेली जाळी फळ वाचवते. तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये, असे स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे. शेवटी कोकणातली उंडी दूरवर पोहोचवणारे आपले फळवटवाघूळच आहे.

रात्रीच्या दिव्यांबाबतही पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या २०१७च्या अभ्यासात पांढऱ्या आणि हिरव्या उजेडाला बुजणारी वटवाघळे लाल दिव्यांखाली अंधारात असावीत तशी वावरली. अर्थात ज्या झाडावर वसाहत आहे, त्यावर दिव्यांच्या माळाच न सोडणे याहून स्वस्त.

या परिषदेला आलेल्या प्रत्येक संस्थेकडे स्वागत समितीची एकच मागणी आहे. निबंध वाचताना किती पेट्या टांगल्या हे सांगू नये. त्याआधी वटवाघळे किती होती, नंतर किती झाली आणि कोणता उपाय फसला, ते सांगावे. आणि नवी मुंबईकरांनी आपल्या सेक्टरमध्ये ज्या झाडांवर वसाहती आहेत, त्यांची यादी छाटणीच्या हंगामाआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी द्यावी.