घरचा संगणक आणि दूरची प्रत

(कल्याण येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



२६ जुलै २००५ चा पाऊस कल्याण-बदलापूर परिसरातील कोणी विसरलेले नाही. उल्हास नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि कपाटांच्या खालच्या कप्प्यांतील कागदांचा लगदा झाला. महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी का असावी, हे आपणास मी वेगळे सांगावयास नको.

ही दुसरी प्रत आज ‘क्लाऊड’मध्ये ठेवली जाते. नाव ढगाचे असले तरी साठवण जमिनीवरच, थंड राखलेल्या दालनांतील संगणकांवर होते. अशी केंद्रे आपल्याच जिल्ह्यात, ऐरोली-महापे पट्ट्यातही उभी आहेत.

घरच्या संगणकावरील एक छोटा प्रोग्रॅम ठरवून दिलेल्या फोल्डरवर सतत लक्ष ठेवतो. २००८ साली सर्वांसाठी खुली झालेली ड्रॉपबॉक्स ही सेवा फाईलचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा काढते आणि ज्यांचा ठसा बदलला तेवढेच तुकडे पाठविते. फेरफाराची नोंद घेताना तलाठी सगळे दप्तर नव्याने लिहीत नाही, तसाच हा प्रकार. मग आपला दुसरा संगणक तेच तुकडे उतरवून घेतो. या जुळवणीस ‘सिंक’ म्हणतात.

आपण डोंबिवलीस घरी, इंटरनेट बंद असताना, एखादी यादी दुरुस्त केली आणि त्याच वेळी ठाण्याच्या कार्यालयात सहकाऱ्याने तीच यादी बदलली, तर खरी कोणती? यंत्रास याचा निवाडा करता येत नाही. बहुधा ते दोन्ही प्रती ठेवते व एकीच्या नावापुढे तशी खूण करते. अशी जोडफाईल दिसल्यास ताडून पाहिल्याखेरीज काढून टाकू नये.

आता माझीच चूक सांगतो. संगणकावर जागा उरली नाही, तेव्हा ‘वर प्रत आहेच’ या भरवशावर मी जुन्या गुणतक्त्यांचे फोल्डर पुसून टाकले. दीड महिन्याने शोधू लागलो, तो वरची प्रतही गेलेली! दोष यंत्राचा नव्हता. दोन्ही बाजू सारख्या ठेवणे एवढेच सिंकचे काम. येथे पुसले की तेथेही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत अशी फाईल तीस दिवस राहते, मग कायमची जाते. शाळेत हस्तलिखित वही होती, म्हणून आम्ही दोघांनी दोन रविवार बसून तक्ते पुन्हा भरले. वही नसती तर एखाद्या माजी विद्यार्थ्यास मी काय उत्तर दिले असते, कोण जाणे.

जागा मोकळी करावयाची असल्यास पुसू नये. फाईल फक्त क्लाऊडमध्ये ठेवण्याचा पर्याय या सेवांत असतो, तो निवडावा. गूगलची मोफत १५ जीबी जागा टपालासह मोजली जाते. ती भरली की नव्या फाईली वर जाणे थांबते, आणि आपण मात्र निर्धास्त असतो. म्हणून अधूनमधून तिकडेही डोकावावे.

शाळेचे व ग्रामपंचायतीचे मूळ दप्तर मी याशिवाय एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे असे सुचवितो. काम झाले की ती संगणकापासून सोडवून ठेवावी; जोडलेलीच राहिली तर संगणकात शिरलेला विषाणू तिच्यावरही हात मारतो. दर महिनाअखेरीस हे काम कोणी करावयाचे, ते नाव आजच ठरवून घ्या.