डेमलो संख्या : एक फळ्यावरचा पाठ



मुंबईहून कल्याणकडे येताना लागणारे डोंबिवली स्थानक आज गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. जी. आय. पी. रेल्वेच्या काळी त्यास 'डेमलो' म्हणत, आणि त्याच नावाने गणितात एक संख्याकुल ओळखले जाते. त्याचे जनक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यातच होते. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. पुढे १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शाळाशिक्षकाचे काम केले. या संख्यांचा विचार डेमलो स्थानकावर सुरू झाला, म्हणून ते नाव.

१६५ ही अशीच एक संख्या. टोकांच्या १ व ५ यांची बेरीज ६, आणि मधला अंकही ६. मधले सहा वाढवावेत : १६६५, १६६६५. पंधराला ११, १११, ११११ यांनी गुणल्यास अनुक्रमे याच संख्या मिळतात.

कापरेकरांनी ज्यांना 'अद्भुत' म्हटले, त्या डेमलो संख्यांतील मोठी संख्या सतरा अंकांची आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा, म्हणजे नऊ एकांची संख्या, हिचा हा वर्ग होय. पुष्कळ वर्गांत ती चमत्कार म्हणून फळ्यावर लिहिली जाते, मुले टाळ्या वाजवितात आणि पाठ संपतो. हे मुलांचे नुकसान आहे. १११ ला १११ ने गुणण्याची मांडणी करावी. एकाखाली एक तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या घरांतील एक मोजले की १, २, ३, २, १, उत्तर १२३२१. नऊ ओळी मांडल्या तर मधल्या घरात नऊ एक येतात व हातचा कोठेच येत नाही. अद्भुत काही असेल तर ते स्थानिक किमतीत आहे.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि तिला ८१ ने भागही जातो. परंतु बेरीज ८१ आहे म्हणून भाग जातो, असे मुलांस सांगू नये. ९९ च्या अंकांची बेरीज १८ आहे. ९९ ला १८ ने भाग जात नाही. खरे कारण निराळे. नऊ एकांची संख्या म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९ (यात आठ नाही, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते), म्हणून तिच्या वर्गात ९ हा अवयव दोनदा येतो.

मग कोणी मूल विचारील, दहा एकांच्या वर्गात मध्ये दहा येईल काय? येथे घाईने 'होय' म्हणणारा शिक्षक फसतो. मधल्या घरात दहा एक जमतात. तेथे शून्य राहून हातचा एक डावीकडच्या नवात मिळतो, तेथेही शून्य होऊन पुन्हा हातचा जातो आणि आठाचे नऊ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. हा गुणाकार शिक्षकाने सांगू नये. मुलांकडून पाटीवर करवून घ्यावा, आणि ज्याचे हातचे चुकतील त्याला मांडणी पुसू न देता तीच पुन्हा तपासावयास लावावी.