गाडीतला गोंगाट



बाजाराच्या दिवशी जुन्या जीपनं तालुक्याला जाऊन आलं, की घरी पोचल्यावरही थोडा वेळ कानात गुंई आवाज येत राहतो, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. आपण त्या जीपमध्ये तासभर बसतो. पण ड्रायव्हर दिवसभर बसतो, आणि शाळेची मुलं, गुरुजी, बाई रोज दोन वेळा बसतात. “जुनी गाडी, वाजायचीच!” असं म्हणून आपण सोडून देतो. वास्तविक हा गोंगाट थोड्या खर्चात बराच कमी करता येतो. मात्र कामाचा क्रम चुकला, तर पैसा वाया जातो, आणि प्रसंगी जिवावरही बेततं.

आधी कानाचा विचार करू. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप शेर-पायलीसारखं नव्हे. ३ डेसिबल वाढले, की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९८ साली अशी शिफारस केली, की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांहून अधिक राहू नये. ८८ असेल तर ४ तास, आणि ९१ असेल तर फक्त २ तास. कानाच्या आतल्या भागात ऐकण्याचं काम करणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या, की पुन्हा येत नाहीत.

आता क्रम पाहू. पहिलं काम दुरुस्तीचं. सैल नट-बोल्ट, झिजलेली इंजिनची रबरं, खिळखिळी दारं हे सारं गॅरेजमध्ये आधी नीट करून घ्या. सायलेन्सरकडे तर विशेष लक्ष द्या. त्याच्या नळीला भोक पडलं, की आवाज वाढतो, आणि त्याच भोकातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही बाहेर पडतो. त्याला ना रंग, ना वास. तुम्ही वर जाडजूड गालिचा टाकून आवाज दडपलात, तर वायू मात्र फटींतून आत येतच राहील. धोक्याची सूचना बंद होईल, धोका तसाच राहील. म्हणून सांगतो, आवाज झाकण्यापूर्वी तो कशाचा, ते शोधा.

दुसरं काम फटी बुजवण्याचं. दाराच्या एकूण क्षेत्रफळाच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचं दार कितीही जाड करा, आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त घटणार नाही. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग जरूर करावा. वाजतं गजराचं घड्याळ डब्यात ठेवा आणि झाकण घट्ट लावा. मग झाकण बोटभर उघडा. मुलांना निराळं सांगावं लागणार नाही. तेव्हा दारांची जुनी, चिरलेली रबरी पट्टी बदला. पायाखालच्या पत्र्यातून तारा, दांड्या जिथे जातात, तिथली रबरी बूच पाहा. सगळ्यांत कमी खर्चाचं आणि सगळ्यांत गुणकारी काम ते हेच.

तिसरं काम पत्र्याचं. शाळेची घंटा वाजवा आणि लगेच तिच्यावर हात ठेवा. नाद थांबतो. गाडीचा पत्राही असाच थरथरून वाजतो. त्याच्यावर आतून ब्यूटाइल रबराची चिकट, जड पट्टी बसवली, की ती त्या हातासारखं काम करते. सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. टिचकी मारून पाहा. जिथे “टण्ण” वाजेल, तिथे मधोमध पट्टी लावा. “थप्प” वाजेल, तिथे सोडून द्या. आधी गंज आणि तेल पुसून घ्या, नाहीतर पट्टी सुटेल. स्वस्तात मिळते म्हणून डांबराची पट्टी छताला लावू नका. उन्हात ती मऊ पडते, वास मारते.

चौथं काम जमिनीवर अंथरण्याचं. इथे रबराची जड चटई आणि तिच्याखाली नमदा, ही जोडी चांगली. पुष्कळजण नुसता पातळ स्पंज किंवा अंड्यांचे पुठ्ठे लावतात. त्यांनी इंजिनची घरघर अडत नाही. का, ते सांगतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला १०० कंपनांच्या घरघरीची एक लाट ३.४ मीटर लांब असते. तिच्यापुढे इंचभर स्पंज काय करणार? तो फार तर बारीक, किरकिरा आवाज थोडा शोषील.

शेवटी काही पथ्यं. थर्मोकोल, साधा स्पंज, पोती या वस्तू इंजिन किंवा सायलेन्सरजवळ कधीही लावू नका. त्या पेटतात, आणि स्पंजाचा धूर विषारी असतो. दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोकं असतात, ती बुजवू नका. दार आतून गंजेल. पावसाळ्यात नमदा भिजला, तर काढून वाळवा. आणि सारं केल्यावर मागच्या गाडीचा भोंगा, रुग्णवाहिकेचा आवाज आत ऐकू येतो ना, याची खात्री करून घ्या.

एकेक काम झालं, की त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी चालवून पाहा. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय मिळते. तिचा आकडा अगदी अचूक नसला, तरी तोच मोबाइल त्याच जागी धरला, तर आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. पुष्कळदा पहिल्या दोन कामांतच गाडी इतकी शांत होते, की पुढचा खर्च करावासाही वाटत नाही. मागच्या बाकावरच्या मुलांना आपसांत ओरडावं न लागता बोलता आलं, की काम झालं असं समजा.