एजन्सीतली नोकरी : सोयी आणि तास
(मंडळाच्या युवा मेळाव्यातील भाषण)



आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून मुलं-मुली मुंबईच्या मोठ्या जाहिरात एजन्सींत जातात. मीही त्या धंद्यात वीस वर्षं काढली. त्यामुळे पालक मला हमखास विचारतात, "सोयी तर छान दिसतात, पाठवावं का?"

सोयी छान असतातच. रात्रीचं जेवण, घरी सोडायला टॅक्सी, दिवसभर कॉफी. पण जेवण आणि टॅक्सी उशिरापर्यंत थांबणाऱ्यालाच मिळते. साडेसहाला निघणाऱ्याला तिचा काय उपयोग? आईवडिलांनाही लागू असलेला आरोग्य विमा, भविष्य निर्वाह निधी, मागितल्यावर खरोखर मिळणारी रजा, यांना मी सोय म्हणतो. बाकीचं मी हिशेबात शून्य धरतो.

आता तास. पगार 60,000, महिन्याचे 22 दिवस, रोज साडेआठ तास, तर तासाला सुमारे 320 रुपये पडतात. रोजचे तेरा तास झाले की तेच 210 होतात. तास वाढतात ते मुख्यतः 'पिच'मुळे. नवा ग्राहक मिळवण्यासाठीचं हे काम बहुधा फुकटचं, आणि चालू ग्राहकांचं काम आटोपल्यावर, म्हणजे रात्रीच होतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर आहे, पण व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळली आहेत. एजन्सीत कार्डावर 'मॅनेजर' फार लवकर छापून येतं. पेढे वाटताना हेही आठवा!

जपानची देन्त्सू ही तिथली सर्वांत मोठी जाहिरात एजन्सी. 2015 च्या नाताळात तिथल्या 24 वर्षांच्या मुलीनं आत्महत्या केली. महिन्याला शंभरावर जादा तास भरले होते. सरकारी यंत्रणेनं अतिकामाचा बळी म्हणून नोंद केली. कंपनीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, 2017 मध्ये न्यायालयानं दंड केला पाच लाख येन, म्हणजे तेव्हाचे तीनेक लाख रुपये. त्याच कंपनीत 1991 मध्येही एका तरुणाचं असंच झालं होतं.

शिकायला मिळतं, हे मात्र खरं. पहिल्या दोन वर्षांत मी जे शिकलो, ते दुसरीकडे मिळालं नसतं. म्हणून जाऊ नका असं मी म्हणत नाही. मुलाखतीत सोयींची यादी विचारू नका. ज्या टीममध्ये बसायचं आहे तिथल्या एखाद्याला गाठा. गेल्या शनिवारी कुठे होतास, गणपतीला घरी गेला होतास का, आणि या खुर्चीवर आधी कोण होतं, ते का गेलं, एवढं विचारा.