घरची निवडणूक आणि दाराची कडी



गावच्या विकास सोसायटीची निवडणूक आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तेथे मत कोणाला? तर ज्याच्या नावावर भाग आहे, त्याला. निवडणूक जवळ आली की सभासद नोंदणीचे पुस्तक कोणाच्या कपाटात आहे, यावरून पारावर वाद सुरू होतात. अमुक तारखेनंतर झालेला सभासद यादीत धरला जाणार नाही असे कळले, की काही मंडळी हात चोळीत बसतात. आता अशी कल्पना करा, की आमदारकीला आपल्या पक्षाचा उमेदवार कोण, हेसुद्धा याच रीतीने ठरायचे आहे. मुंबईला नाही, दिल्लीला तर नाहीच नाही. मारुतीच्या देवळाशेजारच्या शाळेत, मतपेटीत चिठ्ठी टाकून.

अशी रीत अमेरिकेत आहे. तिला तेथे प्रायमरी म्हणतात. आपण तिला घरची निवडणूक म्हणू. नोव्हेंबरात जी सार्वजनिक निवडणूक होते तिच्या आधी काही महिने, प्रत्येक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी ही निवडणूक होते. पूर्वी तेथेही उमेदवार ठरत ते पक्षाच्या चारदोन पुढाऱ्यांच्या बैठकीत. विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध कंबर कसली. १९०३ साली त्यांनी राज्यभर प्रायमरी घेण्याचा कायदा करवून घेतला आणि १९०४ साली तेथील मतदारांनी त्याला कौल दिला. पुढे ही रीत इतर राज्यांतही पसरली.

पण घर म्हटले की दार आले, आणि दार म्हटले की कडी आली. काही राज्यांनी दार उघडे ठेवले. कोणाही मतदाराने यावे, एका पक्षाची मतपत्रिका मागावी आणि मत द्यावे; ही खुली प्रायमरी. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हानिया, फ्लोरिडा अशा राज्यांनी दाराला कडी लावली. ज्याच्या नावापुढे पक्षाची नोंद आहे त्यालाच आत प्रवेश. ही बंद प्रायमरी.

ही पक्षाची नोंद म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. सारा घोळ तेथेच आहे. त्या राज्यांत मतदार यादीत नाव घालण्याचा जो सरकारी अर्ज असतो, त्यातच पक्षाचे रकाने असतात. आपल्या पसंतीच्या पक्षापुढे खूण केली की झालात तुम्ही त्या पक्षाचे! वर्गणी नाही, सभेला हजेरी नाही, कोणी घरी येऊन दाराशी फलक लावीत नाही. आपल्याकडे १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसची वर्गणी चार आणे झाली आणि १९२१ साली एक कोटी सभासद करण्याचा संकल्प सुटला. त्या चार आणे सभासदाने निदान चार आणे तरी मोजले होते. अमेरिकेतला सभासद पुष्कळदा एका खुणेचा धनी असतो. आणि ज्याने कोणत्याच पक्षापुढे खूण केली नाही, तो बिनपक्षी मतदार. असे मतदार बंद प्रायमरीच्या दिवशी घरी बसतात.

आता प्रश्न असा, की कडी लावल्याने मतदान कमी होते काय? आणि आत यायचे म्हणून लोक पक्षात येतात काय? पक्षाची मंडळी म्हणतात, कडी आहे म्हणून तर लोक नाव नोंदवतात. दुसरी बाजू म्हणते, कडी आहे म्हणून लोक पाठ फिरवतात. दोघेही छातीठोकपणे बोलतात. आपण जरा खोलात शिरू.

पहिली गोष्ट सरळ हिशेबाची. दार बंद असले की बाहेर राहिलेल्यांची मते पडणार नाहीत, एवढे मतदान कमी होणारच. २०१६ च्या एप्रिलात न्यूयॉर्क राज्यात अध्यक्षपदाच्या उमेदवारीची प्रायमरी झाली, तेव्हा तेथे सुमारे पंचवीस लाख बिनपक्षी मतदार यादीत होते. त्यांना मत नव्हते. त्याहून मौज पुढेच आहे. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याला पक्ष बदलून त्या प्रायमरीत मत द्यायचे असेल, तर मुदत होती आदल्या वर्षीच्या ९ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सहा महिने आधी! उमेदवारांची भाषणे अजून लोकांच्या कानांवर पडायची होती आणि दाराला कडी पडलीसुद्धा. खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांची दोन अपत्ये, इव्हांका आणि एरिक, या मुदतीला चुकली आणि त्यांना बापालाच मत देता आले नाही. जेथे उमेदवाराच्या घरच्या माणसांना तारीख कळत नाही, तेथे शेतावर राबणाऱ्याला ती कशी कळावी? पुढे न्यूयॉर्कने १९१९ नव्हे, २०१९ साली कायदे बदलून ही मुदत जवळ आणली. शंभर वर्षांनी शहाणपण यावे तसे ते वाटते, म्हणून साल मुद्दाम दोनदा सांगितले.

पण एवढ्यावरून कडीलाच सारा दोष देऊ नका. टेक्सास राज्यात दार उघडे आहे. तेथे यादीत पक्षाची नोंदच नसते. तरी २०२२ सालच्या प्रायमरीला नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा अठराच्या आसपासच लोक आले. देशभराचा विचार केला तर त्या वर्षी मत देण्यास पात्र अशा पाच माणसांपैकी एखादाच प्रायमरीला फिरकला. दार उघडे टाकले म्हणून पाहुणे येतातच असे नाही. आत काही शिजत असल्याचा वास यावा लागतो.

न्यूयॉर्क शहरातलीच दोन उदाहरणे पाहा. दोन्ही वेळी प्रायमरी बंदच होती. २०१८ साली काँग्रेसच्या, म्हणजे तेथील लोकसभेच्या, एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षात जोसेफ क्रॉली या जुन्या, वजनदार पुढाऱ्याविरुद्ध अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ ही तरुण बाई उभी राहिली आणि जिंकली. सात लाखांच्या आसपास वस्तीचा मतदारसंघ. प्रायमरीत दोघांची मिळून मते तीस हजारांच्या आतबाहेर. नोव्हेंबरात तिला एकटीला एक लाख दहा हजार मते पडली. पण त्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचेच इतके बळ, की नोव्हेंबरातले मतदान हा उपचार होता. निकाल लागला तो जूनमध्येच, त्या तीस हजारांत.

दुसरे उदाहरण २०२५ चे. महापौरपदाच्या उमेदवारीसाठी जोहरान ममदानी उभे राहिले. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचे ते चिरंजीव. समोर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो. घरभाडे, बसचे भाडे, लहान मुलांची सोय, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न घेऊन तरुण मंडळी दारोदार फिरली. त्या बंद प्रायमरीत दहा लाखांहून अधिक मते पडली. पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे तिघांमागे एक आला. प्रायमरीच्या मानाने ही गर्दीच म्हणायची. नोव्हेंबरात वीस लाखांहून अधिक मतदान झाले. १९६९ नंतर त्या शहरात महापौरपदासाठी इतके मतदान झाले नव्हते. शहर तेच, पक्ष तोच, कडी तीच. मग फरक कशाचा? झुंजीचा.

त्या निवडणुकीत आणखी एक बारकावा होता. ज्याने पूर्वी कधीच नाव नोंदवले नव्हते, त्या नव्या मतदाराला प्रायमरीच्या थोडे दिवस आधीपर्यंत पक्षाची खूण करून आत येता येत होते. जो आधीच यादीत होता आणि बिनपक्षी होता, त्याला मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच फेरबदल करता येत होता. म्हणजे नवख्याला दार किलकिले आणि जुन्या बिनपक्ष्याला बंद. तेव्हा एखाद्या शिक्षकाने मला विचारले, की गुरुजी, कडीचा परिणाम काय, तर मी आधी उलट विचारीन, की कडी कोणत्या तारखेला लागते ते सांगा.

आता सभासदांकडे वळू. बंद दारामुळे माणसे पक्षात येतात, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पेनसिल्व्हानियाचे. २००८ साली हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची झुंज त्या राज्यात येऊन ठेपली. मतदान २२ एप्रिलला आणि नोंदीची मुदत २४ मार्चपर्यंत. लोकांनी अर्जांचे ढीग लावले. काही नवे, काही बिनपक्षी, काही चक्क रिपब्लिकन पक्ष सोडून आलेले. त्या राज्यात डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांची संख्या पहिल्यांदाच चाळीस लाखांवर गेली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रिपब्लिकनांपेक्षा त्यांची यादी दहा लाखांहून अधिक नावांनी मोठी होती. कडीवाल्यांनी येथे टाळी वाजवावी.

पण टाळी जरा आवरा. २०२४ पर्यंत ती आघाडी चार लाखांच्याही खाली उतरली. कडी मधल्या काळात तशीच होती. माणसे आली ती झुंज पाहून. आणि खूण करून आलेला माणूस खूण पुसून जातो, किंवा खूण तशीच ठेवून मनाने निघून जातो. शिवाय त्याच राज्यात आज दहा लाखांहून अधिक मतदार दोन्ही मोठ्या पक्षांच्या बाहेर आहेत. प्रायमरीत मत नाही हे माहीत असूनही ते आत आलेले नाहीत.

उलट बाजूचे उदाहरण कोलोरॅडोचे. तेथे २०१६ साली मतदारांनीच कौल दिला आणि २०१८ पासून बिनपक्षी मतदाराच्या घरी दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका टपालाने येऊ लागल्या. भरायची एकच, दोन्ही भरल्यात तर दोन्ही बाद. त्या पहिल्याच वर्षी प्रायमरीत दहा लाखांवर मते पडून तेथला विक्रम झाला. पण पुढच्या काही वर्षांत यादीतल्या बिनपक्ष्यांचे प्रमाण वाढत जाऊन निम्म्याच्या आसपास पोचले. दोन्हीकडचे ताट वाढून येते, तर एका पंगतीत नाव कशाला लिहा, असे कोणाला वाटले तर नवल नाही. मात्र सगळे श्रेय याला देऊ नये. वाहनाचा परवाना काढतानाच नाव आपोआप यादीत घालण्याची पद्धत तेथे आली, आणि अशी आपोआप आलेली नावे बिनपक्षी म्हणूनच लागतात. आकड्यांना असे पाय फुटतात, म्हणून त्यांच्यामागे जपून जावे.

खरी वर्गणी भरणारे सभासद कसे वाढतात, ते पाहायला विलायतेत जावे लागेल. २०१५ साली मजूर पक्षाने नेता निवडताना तीन पौंड भरणाऱ्या पाठीराख्यालाही मत दिले. चार लाख बावीस हजारांवर मते पडली आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले जेरेमी कॉर्बिन नेते झाले. त्या उन्हाळ्याआधी दोन लाखांच्या आसपास असलेली सभासदसंख्या वर्षभरात पाच लाखांवर गेली. पुढच्या वर्षी पाठीराख्याची फी पंचवीस पौंड केली आणि मुदत दोन दिवसांची ठेवली, तरी दीड लाखांवर लोक पैसे घेऊन हजर! पुढे तो भरही ओसरला. २०२४ अखेर सभासद साडेतीन लाखांच्या खाली आले होते. माणूस आपल्या मताने काही हलते आहे असे दिसले की खिशात हात घालतो, आणि तसे दिसेनासे झाले की हात काढून घेतो.

काही श्रोते म्हणतील, अहो, पक्ष हे त्यांचे घर आहे. घरच्या कारभाऱ्याची निवड घरच्यांनीच करावी, शेजाऱ्याला त्यात काय? हे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. शेजारी मुद्दाम वाईट उमेदवार निवडून देईल ही भीतीही अगदीच खोटी नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात नेवाडा, आयडाहो, दक्षिण डाकोटा अशा काही राज्यांत प्रायमरी खुली करण्याचे प्रस्ताव मतदारांनी स्वतःच फेटाळले. सगळेच काही दार उघडायला आतुर नाहीत. परंतु हाच ‘आमचे खासगी घर’ हा युक्तिवाद एके काळी कोणी आणि कशासाठी केला, हेही आठवले पाहिजे.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाला विरोधकच नव्हता. प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरातले मतदान नावापुरते. टेक्सास राज्याने १९२३ साली कायदाच केला, की डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत काळ्या माणसाला मत नाही. एल पासो गावचे डॉक्टर लॉरेन्स निक्सन न्यायालयात गेले आणि १९२७ साली तो कायदा रद्द झाला. तेव्हा वेगळी वाट काढली गेली: सरकार काही म्हणत नाही, पक्ष स्वतःच ठरवील आपले सभासद कोण ते, पक्ष ही खासगी संस्था आहे. नोव्हेंबरात मत द्यायची काळ्या माणसाला कागदोपत्री मोकळीक होती. ज्या दिवशी खरा निर्णय व्हायचा, त्या दिवशी मात्र तो दाराबाहेर. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी पुन्हा दावा लावला आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जी निवडणूक राज्याच्या कायद्याने चालते आणि जिच्यावर प्रतिनिधी कोण हे ठरते, ती खासगी बाब नव्हे.

आजच्या बिनपक्षी मतदाराची तुलना त्या माणसाशी करणे योग्य नाही. आजचा मतदार एक खूण करून आत येऊ शकतो. त्याला जन्माने बाहेर ठेवलेले नव्हते. पण माझे मत असे, की जेथे जूनमधले मतदान म्हणजेच निकाल, आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, तेथे कडी ठेवायचीच असेल तर ती मतदानाच्या आदल्या आठवड्यापर्यंत तरी सैल असावी. न्यू मेक्सिकोने २०२५ साली कायदा करून बिनपक्षी मतदारांना २०२६ पासून प्रायमरीचे दार उघडले, तेही मला योग्य वाटते. नोव्हेंबरातल्या मतदानावर कडीचा फारसा परिणाम दिसत नाही. अध्यक्ष निवडायचा असला की बंद आणि खुल्या, दोन्ही प्रकारच्या राज्यांत लोक येतातच.

आपल्याकडे ही रीत रुजली नाही. एकदा तिचे बी मात्र पेरले गेले. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी काँग्रेस पक्षाने देशातल्या काही मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेऊन उमेदवार ठरवले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यांत होते. वर्ध्यात सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे यांची निवड त्या मतदानाने झाली. दोघेही पुढे लोकसभेला पडले, पण त्या वर्षीचे वारेच तसे होते. त्याचे खापर प्रायमरीवर फोडणे अन्यायाचे होईल. लक्षात घ्यायची गोष्ट दुसरी आहे. त्या मतदानाला मतदार होते ते पक्षाचे आजीमाजी पदाधिकारी आणि यादीतले कार्यकर्ते. गावच्या साध्या माणसाने चार आणे टाकावेत, आत यावे आणि मत द्यावे, अशी ती सोय नव्हती. त्यामुळे दार असे उघडले असते तर सभासद वाढले असते की नाही, याची परीक्षा वर्ध्याला किंवा लातूरला झालीच नाही.